सोडत नको, क्रमांक द्या



पत्रिकेत विषय ‘परवडणाऱ्या घरांची प्रतीक्षायादी’ असा छापलाय. मी गिरणी कामगारांच्या घरांपुरतंच बोलणार आहे. १९८२चा गिरणी संप, त्याचे नेते डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, हे परळमध्ये सांगायला नको. माझं म्हणणं एकच आहे. घरांची सोडत बंद करा आणि प्रत्येक अर्जदाराला क्रमांक द्या.

अर्ज सुमारे पावणेदोन लाख. २०१२, २०१६ आणि २०२० सालच्या सोडतींत मिळून घरं निघाली १५,८७०. याच वेगानं गेलो, तर उरलेल्यांना ऐंशी वर्षं लागतील. त्यांतले निम्मे छाननीत गळाले तरी चाळीस. संपात पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकलाय.

(मागून आवाज : ‘किती तरी गेले!’)

गेले, आणि आता वारस थांबलेत. पण थांबलेत कुठे? रांगेत माणूस निदान एकेक पाऊल पुढे सरकतो. सोडतीत नाव लागलं नाही, की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. ‘माझी पाळी कधी?’ हा प्रश्नच उरत नाही. सगळं नशिबावर ढकललं, की वर्षाला किती घरं बांधली हे सरकारला कुणी विचारत नाही. वयानं सर्वांत मोठा तो पहिला, असा क्रम लावा. मग यादी किती सरकली ते दरवर्षी उघड दिसेल आणि घरं बांधावीच लागतील.

जागा नव्हती म्हणतात. नव्हती कशी? मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम आठवा. गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे होते : महापालिकेला मैदानांसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची राहिली. आता सांगा, गिरणीत मोकळी जागा असते किती? साचेखातं, गोदामं, शेड, सगळं बांधकामच. ते ज्या जमिनीवर उभं, ती वाटणीतून सुटली. २००५ साली उच्च न्यायालयानं हे अमान्य केलं, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा बदल कायम ठेवला.

(एक श्रोता : ‘मॉलच्या पार्किंगमध्ये तरी जागा द्या!’ हशा.)

हसताय, पण ज्या घरांसाठी माणसं थांबलीत त्यांतली बहुतेक २२५ चौरस फुटांची आहेत.

(अध्यक्ष चिठ्ठी पुढे करतात.)

पाचच मिनिटं? व्हिएन्नाच्या पालिकेच्या घरांवर बोलायचं होतं, ते राहू दे. ‘क्रमांक दिले की वशिला येतो, म्हणूनच सोडत आणली,’ असा आक्षेप मघाशी इथून आला. तो मला मान्य नाही. वशिला लपलेल्या यादीत चालतो. यादी वॉर्डावॉर्डात भिंतीवर लावा. आपल्या पुढे कोण घुसला, हे चाळीतली म्हातारी माणसं पहिल्याच दिवशी ओळखतील.

पनवेलजवळच्या कोनचं सांगतो आणि थांबतो. तिथल्या २,४१७ घरांची सोडत २०१६ साली निघाली. ताबा देण्याआधीच कोविड आला, घरं विलगीकरणासाठी घेतली गेली, मग दुरुस्ती निघाली. नाव लागलेली माणसंही अशी वर्षानुवर्षं थांबली. म्हणून त्या यादीत क्रमांकाशेजारी आणखी एक रकाना हवा, ताब्याच्या तारखेचा. आणि तारीख हुकली, तर त्या दिवसापासून कुटुंबाचं घरभाडं सरकारनं भरावं.