आधी वहीला जागा हवी
(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"ताई, मला लिहायचंय. चांगला वर्ग कुठं आहे?" असं विचारणाऱ्या बायका आता केंद्रावर वरचेवर येतात. कुणी घरकाम करणारी, कुणी अंगणवाडीत. आपण त्यांना काय सांगतो? एखादा पत्ता देतो आणि मोकळ्या होतो. मीही तेच केलं होतं.

आमच्या वस्तीतल्या एकीनं बचत गटातून दोन हजार रुपये उचलून एका लेखनवर्गाची फी भरली. महिन्याभरानं ती वही घेऊन माझ्याकडे आली. नवऱ्यानं घराबाहेर काढलं त्या रात्रीबद्दल तिनं लिहिलं होतं. 'भर पावसात मला उंबऱ्याबाहेर ढकललं अन् आतून कडी लावली. कडीचा आवाज अजून कानात हाय.' शिक्षकांनी 'हाय'भोवती लाल गोल काढून शेजारी लिहिलं होतं, 'ग्राम्य'. शिवाय, आणखी पैसे भरलेत तर पुस्तक काढून देऊ, असंही तिला सांगण्यात आलं होतं.

मला संताप आला. पण घरी आल्यावर आठवलं की तिची केस मीच नोंदवली होती. रजिस्टरमध्ये मी लिहिलं होतं, 'पतीने घरातून निष्कासित केले.' समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात मी हेच शिकले होते. त्यांनी तिचा एक शब्द खोडला. माझ्या वाक्यात तर पाऊसही नव्हता आणि कडीही नव्हती.

म्हणून वर्ग निवडताना पहिली कसोटी ही : तिथं बाईची भाषा टिकते का? शुद्धलेखन जरूर शिकावं, अर्ज-निवेदनांना ते लागतंच. पण आधी तिला काय म्हणायचंय ते पूर्ण ऐकून घ्यावं. प्रवेशाआधी एक दिवस नुसतं बसू द्याल का, असं विचारा. शिकवणाऱ्यांचं लेखन मिळवून वाचा. प्रत्येकीला आपलं लिखाण मोठ्यानं वाचायची पाळी मिळते की एकच माणूस बोलतो, ते बघा. वेळ स्वयंपाकाची तर नाही ना? लेकरू सोबत चालेल का? आणि पुस्तक छापण्याचं आमिष दाखवून कुणी पैसे मागत असेल, तर लेखी करार हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

वर्ग मिळालाच नाही तर? पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्या मागे तिचं म्हणणं ऐकणारी शाळा होती. बेबीताई कांबळे फलटणला दुकान चालवायच्या. सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या आणि दुकानात बसूनच लिहायच्या. घरच्यांच्या धाकानं लिहिलेलं कित्येक वर्षं लपवून ठेवावं लागलं. ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं.

त्यांनी ते कुठं लपवलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्या बायकांनाही पहिली अडचण तीच आहे. वही घरी सापडली तर मार बसतो. म्हणून वर्गाच्या आधी वहीला जागा हवी. आमच्या केंद्रातल्या कपाटाचा एक कप्पा आम्ही रिकामा केला. किल्ली बायकांकडेच असते. तिथं आज अकरा वह्या आहेत. विचारल्याशिवाय कुणाची वही कुणी उघडत नाही, मीसुद्धा नाही.

बाकीची साधनंही आपल्या आवाक्यात आहेत. १९६७ च्या कायद्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. गावातल्या ग्रंथालयात बायकांची नावं नोंदवा, दिवाळी अंक मागून घ्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं संगणकावर, मोबाइलवर फुकट वाचता येतात. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची मंडळाची योजना आहे, तिची चौकशी करा. जिला लिहिता येत नाही तिचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. मुंबईची 'स्पॅरो' संस्था १९८८ पासून स्त्रियांचे आवाज, चित्रं, कागदपत्रं जपते आहे. बोललेलंही जपण्याजोगं असतं, हे त्यांच्या कामातून शिकावं.

आम्ही शनिवारी दुपारी दोन तास बसतो. एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. मग प्रत्येकीनं एवढंच सांगायचं : काय दिसलं, कुठं कळलं नाही, अजून काय ऐकावंसं वाटतं. खोडायचं असेल तर जिचं लिखाण तिनंच खोडायचं. यातून सगळ्याच लेखिका होतील असा माझा दावा नाही. पण मघाशी सांगितलेली ती बाई आता जबाब देताना स्वतःची वाक्यं वाचून घेते आणि बदललेली असतील तर सही करत नाही.

तिची नोंद मी पुन्हा लिहिली. तिला समोर बसवून, तिच्याच शब्दांत. 'हाय'सकट.

तुम्ही परत गेलात की वर्गाचे पत्ते गोळा करालच. त्याआधी कपाटाचा एक कप्पा रिकामा करा आणि किल्ली बायकांच्या हाती द्या.