संगणकातील आज्ञावल्या : सुधारणा का दिसत नाहीत?



महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास पाचारण केले आणि संस्थानात गावोगाव ग्रंथालये व फिरत्या ग्रंथपेट्या पोहोचू लागल्या. पादरा तालुका त्याच संस्थानातला. तेव्हा येथील श्रोत्यांना ग्रंथसूचीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. समजा, बडोद्याच्या भांडारात नवा ग्रंथ आला, परंतु पादऱ्याच्या वाचनालयातील सूची गेल्या वर्षीची आहे. वाचकाने चौकशी केली, तर ग्रंथपाल सूची पाहून "नवे काही नाही" असेच सांगणार. तो खोटे बोलत नाही; त्याच्यापुढील कागद जुना आहे.

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात नेमके हेच घडते. उबुंटू, डेबियन किंवा सी-डॅकने डेबियनच्या आधारे तयार केलेली 'बॉस' प्रणाली, या सर्वांत आज्ञावल्या बसविण्याचे व बदलण्याचे काम 'पॅकेज मॅनेजर' नावाचा कारभारी करतो. तो प्रत्येक वेळी दूरच्या भांडारात डोकावत नाही. तेथून पूर्वी उतरवून घेतलेली यादी पाहतो. 'अ‍ॅप्ट' या कारभाऱ्याला 'अपडेट' अशी आज्ञा दिली, तर केवळ यादी ताजी होते. 'अपग्रेड' म्हटले, म्हणजे प्रत्यक्ष आज्ञावल्या बदलतात. पहिली पायरी गाळून दुसरी चढणारे पुष्कळ आहेत. पडद्यावर "सर्व अद्ययावत आहे" असे उमटते आणि गुरुजी निश्चिंत होतात.

यादी जुनी का राहते? इंटरनेटची जोडणी खंडित असणे हे उघड कारण. दुसरे कारण मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि जुन्या संगणकांत ते हमखास आढळते. संगणकाच्या अंतर्भागी नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला, की संगणक सुरू करताना तारीख कित्येक वर्षे मागे जाते. भांडारातून येणाऱ्या यादीवर तारीख व सही असते. आपल्या घड्याळाच्या हिशेबाने ती यादी भविष्यातली ठरते, म्हणून कारभारी ती नाकारतो आणि जुनीच वापरीत राहतो. अल्प किमतीच्या सेलपायी सुरक्षेच्या सुधारणा अडून बसाव्यात, हे विलक्षणच म्हणावयाचे!

काही वेळा आज्ञावली त्या भांडारातली नसतेच. ती 'स्नॅप' वा 'फ्लॅटपॅक' या निराळ्या मार्गाने आलेली असते, किंवा कोणी पेनड्राइव्हवरून बसविलेली असते. तिची नोंद या यादीत शोधणे व्यर्थ. एखादी आज्ञावली कोणीतरी मुद्दाम 'होल्ड' करून, म्हणजे रोखून, ठेवलेली असते, हेही तपासावे.

परंतु सुधारणा न दिसणे म्हणजे दरवेळी बिघाड नव्हे. उबुंटूमध्ये काही सुधारणा प्रथम सुमारे 10 टक्के यंत्रांना देतात आणि दोष न आढळल्यास हळूहळू इतरांना. शेजारच्या संगणकाला मिळाली व आपल्याला नाही, याचा अर्थ इतकाच असू शकतो. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तर आज्ञावलीचा क्रमांक सहसा बदलतच नाही. जुन्याच क्रमांकाला ठिगळ लावले जाते. एप्रिल 2014 मध्ये 'हार्टब्लीड' हा गंभीर दोष उघडकीस आला. ओपनएसएसएलच्या कर्त्यांनी तो 1.0.1जी या आवृत्तीत दुरुस्त केला. डेबियनने मात्र 1.0.1ई हीच आवृत्ती दुरुस्त करून दिली. केवळ मूळ क्रमांक पाहणाऱ्यास दुरुस्ती झालीच नाही असे वाटले असते. या सावधपणाचे मोल मार्च 2024 मध्ये दिसले. 'एक्सझेड' या आज्ञावलीच्या 5.6.0 व 5.6.1 या नव्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा घातल्याचे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघड केले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत त्या पोहोचल्याच नव्हत्या.

खरी धास्ती निराळ्याच शांततेची आहे. प्रणालीच्या आवृत्तीची मुदत संपली, की यादी ताजी करूनही नवे काही येत नाही, आणि तरीही पडद्यावर "अद्ययावत" हाच शब्द दिसू शकतो. दुरुस्तीवाचून राहिलेल्या यंत्रांचे काय होते, हे मे 2017 मध्ये जगाने पाहिले. विंडोजवरील 'वॉनाक्राय' हल्ल्यात ब्रिटनमधील रुग्णालयांचे संगणक बंद पडले. त्या दोषावरील दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये, निघाली होती!

उबुंटू 20.04 या आवृत्तीचा नेहमीचा पाठिंबा मे 2025 मध्ये संपला. त्यापुढील सुरक्षा-सुधारणा 'उबुंटू प्रो'मध्ये नोंदविलेल्या यंत्रांनाच मिळतात. व्यक्तिगत वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत ही नोंदणी विनामूल्य आहे. शाळेतील वा पंचायतीतील संगणकावर कोणती आवृत्ती आहे, हे 'सेटिंग्ज'मधील 'अबाउट' या पानावर पाहता येते. तेथे 20.04 वा त्यापूर्वीचा आकडा दिसल्यास, महत्त्वाच्या दप्तराची प्रत दुसरीकडे काढून ठेवून नवी आवृत्ती बसविण्याची व्यवस्था करावी. आणि त्याच वेळी घड्याळाचा सेलही बदलून घ्यावा.