इंग्रजीची शब्दसंपदा आणि आपण सीमेवरची माणसे

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी ग्रंथालयाच्या शताब्दीत मराठीच्या प्राध्यापकाने इंग्रजीवर बोलावे, ही संयोजकांची सूचना ऐकून प्रथम मला नवल वाटले. विचार करता तिच्यातील औचित्य ध्यानी आले. आपल्या वाचनकक्षात येणाऱ्या तरुणांना आज सर्वाधिक चिंता इंग्रजीची आहे. नागपूरला वा भोपाळला मुलाखतीस गेलेला आपला मुलगा विषय उत्तम येत असूनही पहिल्याच प्रश्नाला गप्प बसतो, हे आपण पाहतो. पालक मला विचारतात, "सर, याचे इंग्रजी कसे सुधारेल?" आणि मग आवाज थोडा खाली आणून दुसरा प्रश्न येतो, "त्यासाठी घरात मराठी बोलणे बंद करावे काय?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आरंभीच देतो : मुळीच नाही. त्याचे कारण सांगता सांगता पहिल्या प्रश्नाचेही उत्तर हाती येईल.

प्रथम आपली स्थिती पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. जिल्हा बदलला, तरी भाषेची घडी तीच आहे. स्वयंपाकघरात नागपुरी-वऱ्हाडी वळणाची मराठी, कचेरीत आणि बहुधा शाळेत हिंदी, आणि या दोहोंच्या पलीकडे इंग्रजी. म्हणजे आपल्या मुलाला इंग्रजी ही तिसरी भाषा आहे. लोक याला अडचण मानतात. माझ्या मते ती आपली पुंजी आहे.

आपल्याकडचे दहा वर्षांचे पोर शाळेच्या भिंतीवर 'शिक्षा' हा शब्द वाचते, तेव्हा त्याचा अर्थ शिक्षण. आणि तेच पोर घरी उशिरा आले की त्याला होते ती 'शिक्षा' निराळी. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामे, मराठीत 'खाली' म्हणजे तळाशी. हिंदीतला 'संसार' म्हणजे सगळे जग, आपला 'संसार' म्हणजे चूल, भांडी आणि चार माणसे. हिंदीत 'चेष्टा' करणारा प्रयत्नशील असतो, मराठीत तो मार खातो. हे सारे आपल्या मुलांना कोणी शिकवलेले नाही, आणि तरी ती गोंधळत नाहीत. शब्दाचा अर्थ तो कोणाच्या घरी, कोणत्या पंक्तीत बसला आहे यावर ठरतो, हे भाषाशिक्षणाचे मूळ तत्त्व ती अंगणातच शिकलेली असतात. दुर्दैव एवढेच की, इंग्रजीचे पुस्तक उघडताच हे शहाणपण बाजूला ठेवले जाते आणि वहीच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूला इंग्रजी शब्द व दुसऱ्या बाजूला त्याचा एकच मराठी वा हिंदी अर्थ अशी घोकंपट्टी सुरू होते.

ही एकास एक जोडी का टिकत नाही, ते आपल्याच एका शब्दावर तपासून पाहा. आपण म्हणतो कडक चहा, कडक ऊन, कडक शिस्त, कडक इस्त्रीचा सदरा. आपल्याला चारही ठिकाणी एकच 'कडक' पुरतो. इंग्रज मात्र चहाला 'स्ट्राँग' म्हणेल, उन्हाला 'स्कॉर्चिंग', शिस्तीला 'स्ट्रिक्ट' आणि सदऱ्याला 'स्टिफ'. यांतला एकच शब्द पाठ करणारा विद्यार्थी उरलेल्या तीन ठिकाणी अडखळणार. उलट 'लागणे' हे आपले क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, छंद लागतो, दार लागते आणि नशीब असेल तर नोकरीही लागते. या प्रत्येकासाठी इंग्रजीत निराळी रचना आहे. ज्या मुलाने हे 'लागणे' नकळत आत्मसात केले, त्याच्या बुद्धीला इंग्रजीतले 'टेक' किंवा 'गेट' जड जाण्याचे काही कारण नाही. फक्त ते त्याच रीतीने, म्हणजे सोबत्यांसह, शिकले पाहिजे. 'टेक' म्हणजे घेणे एवढे लिहून भागत नाही. औषध, छायाचित्र, विश्रांती, शपथ यांच्यासह ते लिहावे. आणि परीक्षेसहही लिहावे, कारण तेथे मोठी गंमत आहे. मराठीत परीक्षा विद्यार्थी देतो आणि मास्तर घेतात. इंग्रजीत मास्तर देतात आणि विद्यार्थी घेतो.

परकी भाषा अशा रीतीने शिकता येते याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच ग्रंथालयांच्या संदर्भ-कपाटांत असतो. जेम्स मोल्सवर्थ हा इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातून इकडे आला. मराठी त्याला सर्वस्वी परकी. पंडितांच्या आणि जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने त्याने शब्द वेचले, आणि त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. दरम्यान १८४७ साली इंग्रजी-मराठी कोशही सिद्ध झाला होता. मोल्सवर्थ उघडून पाहिला तर दिसते की, त्याने शब्दासमोर केवळ प्रतिशब्द ठेवला नाही. शब्द कोणाबरोबर येतो, कोणत्या वाक्प्रचारात बसतो, घरगुती बोलण्यातला आहे की पोथीतला, हे त्याने नोंदवले. इंग्रजाने मराठी ज्या चिकाटीने शिकली, त्याच चिकाटीने आपण इंग्रजी शिकावी, एवढाच धडा त्यातून घ्यायचा. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. मराठी पत्रसृष्टीचा जन्मच दोन भाषांच्या शेजारात झाला आणि त्यामुळे मराठी खुंटली नाही.

पुढे विसाव्या शतकात परक्या विद्यार्थ्यासाठी इंग्रजीची साधने तयार झाली, आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांतली महत्त्वाची साधने आशियातल्या वर्गांतून उगवली. मायकेल वेस्ट हे ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करीत. बंगाली मुलांना वाचता येईल असे इंग्रजी कोणते, या प्रश्नापासून त्यांचा विचार सुरू झाला. १९५३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या यादीत नित्याच्या वापरातील सुमारे दोन हजार मूळ शब्द आहेत. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवीत. परक्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ पासून तो ऑक्सफर्डच्या नावाने जगभर गेला. या कोशाचा विशेष असा की, तो शब्दाचा अर्थ सोप्या इंग्रजीत सांगतो आणि लगेच शब्द वाक्यात चालवून दाखवतो. वीस खंडांचा थोरला ऑक्सफर्ड कोश विद्वानांसाठी आहे. विद्यार्थ्याने हा लहान कोश जवळ करावा.

दोन हजार ही संख्या मुद्दाम सांगितली. रोज पाच शब्द, पण सोबत्यांसह आणि एका स्वतः रचलेल्या वाक्यासह, असे कोणी लिहील तर वर्षात अठराशेच्या वर शब्द होतात. अट एकच : आज लिहिलेले उद्या, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा पाहिले पाहिजे. मनुष्य शिकल्यावर पहिल्या काही तासांतच किती झपाट्याने विसरतो, हे एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवून दिले आहे. आपल्या पूर्वजांना ते प्रयोगावाचून ठाऊक होते. पाढे रोज संध्याकाळी म्हणवून घेण्याची पद्धत उगाच पडली नव्हती.

शब्दसंग्रहाइतकाच महत्त्वाचा भाग नित्याच्या व्यवहाराचा. येथे व्याकरण शुद्ध असूनही माणूस फसतो. आपली नम्रता क्रियापदात आणि सर्वनामात असते. 'पाणी देता का जरा' यात आदर, आर्जव आणि आपलेपणा तिन्ही आले. इंग्रजीत लहानथोरांना एकच 'यू'. म्हणून तेथे नम्रता 'कुड यू', 'वुड यू' आणि 'प्लीज' यांच्यावर सोपवलेली आहे. आपला सरळ मनाचा मुलगा 'गिव्ह मी वॉटर' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात उद्धटपणा नसतो, ऐकणाऱ्याला मात्र तो जाणवतो. निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. यामागे केवढी संस्कृती आहे! पण त्याचे शब्दशः इंग्रजी करून कोणी दाराबाहेर पडला, तर यजमान बिचारा दार उघडे ठेवून वाट पाहत बसेल. "तुम्ही काल आला नाहीत का?" या प्रश्नाला आपण "हो, नाही आलो" असे उत्तर देतो, कारण आपण विचारणाऱ्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रज वस्तुस्थितीकडे पाहून "नो" म्हणतो. मुलाखतीत अशा एका 'येस'ने अर्थ उलटा होतो.

तसेच जे इंग्रजी शब्द आपण आपले म्हणून वापरतो, त्यांची एकदा उलटतपासणी करावी. आपले 'हॉटेल' चहा-भज्यांचे. इंग्रजाच्या हॉटेलात मुक्काम करतात. आपला विद्यार्थी कॉलेजातून 'पास आउट' होतो. परदेशात ते ऐकून एखादा त्याला मूर्च्छा आली असे समजेल. गाडीची 'स्टेपनी' वेल्समधल्या एका रस्त्याच्या नावावरून आली. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाके बनत. आज खुद्द इंग्रज तिला 'स्पेअर व्हील' म्हणतो आणि जुने नाव आपण जपले आहे. हे शब्द चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. ते आपल्या घरी नांदायला आले आणि इथल्या चालीरीती शिकले. फक्त माहेरी त्यांचा अर्थ काय, हे ठाऊक असावे.

कोणी म्हणेल, हे सारे नोकरी शोधणाऱ्यांसाठी झाले. संत्र्याच्या बागेत आणि कपाशीच्या शेतात राबणाऱ्याला याचे काय? त्याने फवारणीच्या औषधाची बाटली हाती घ्यावी. तिच्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हा नियम १९७१ पासूनचा आहे. लाल आणि पिवळ्यावर इंग्रजीत 'पॉयझन' लिहिलेले असते, निळ्यावर 'डेंजर' आणि हिरव्यावर 'कॉशन'. शब्दकोशात हे तीन शब्द विष, धोका, सावधगिरी असे सुटे सुटे सापडतील. बाटलीवर मात्र त्या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती आणि केवळ शब्दज्ञानाने ती टळली असती असे कोणी म्हणू नये. तरीपण हातातल्या बाटलीवर काय लिहिले आहे ते स्वतःला कळणे, हा ज्याचा त्याचा हक्क आहे. ज्या घरात असा एक वाचणारा असेल, त्या घराला तेवढा आधार आहे.

आता पालकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येतो. घरातली मराठी बंद केल्याने इंग्रजी येत नाही. मुलाचे बोलणे मात्र आखूड होते. ज्याला मातृभाषेत 'कडक'च्या चार छटा कळत नाहीत, त्याला इंग्रजीत 'स्ट्रिक्ट' आणि 'स्टिफ' यांतला भेद कशाच्या आधारे सांगावा? विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटल्याचे सांगतात. ते दूध पिऊन त्यांनी १८७४ पासून 'निबंधमाला' लिहिली, ती मराठीत. पोटात मराठीचे अन्न होते म्हणून ते दूध पचले.

शेवटी या संस्थेला दोन विनंत्या करतो. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे हे त्यांतले एक. इंग्रजी शिकणारा आपला तरुण हाही वाचक आहे. त्याच्यासाठी वाचनकक्षात एक टेबल राखावे. त्यावर परक्या विद्यार्थ्यासाठी केलेला इंग्रजी कोश, एक मराठी शब्दकोश, सोप्या भाषेतील गोष्टींची इंग्रजी पुस्तके आणि रोजचे वर्तमानपत्र असावे. दुसरी विनंती अशी की, आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे मोठ्याने वाचन व्हावे. आधी मराठीचे एक पान, मग इंग्रजीचे एक पान, आणि मग त्यातल्या शब्दांवर गप्पा. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, रेल्वेतील मंडळी आपल्या सभासदांत आहेत. त्यांनी आळीपाळीने बसावे. चुकणाऱ्याला हसू नये, एवढा एकच नियम असावा. याला फार पैसा लागत नाही, माणसे लागतात. आणि हे 'लागणे' इंग्रजीत कसे सांगायचे, ते पहिल्या संध्याकाळी तिथे बसूनच शोधू.