बेरीज कोणी करायची?

समजा, ४२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. बैठी नोकरी, अंगाने फार जाड नाहीत. पोट तेवढे सुटलेले. रक्तदाब १३२/८६. हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात, "मीठ कमी करा." उपाशीपोटी साखर १०४. मधुमेहतज्ज्ञ म्हणतात, "अजून मधुमेह नाही." सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसते. मानेवर काळपट झालेली त्वचा ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवतात. चार डॉक्टर, चार फायली. बेरीज कोणीच करत नाही.

ती करायला हवी, हे १९८८ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी ठासून सांगितले. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही आणि त्याच मुळातून साखर, रक्तदाब, रक्तातील चरबी बिघडते, असे त्यांचे म्हणणे. गंमत म्हणजे लठ्ठपणा त्यांच्या यादीत नव्हताच!

पुढे प्रत्येक संस्थेने 'मेटाबॉलिक सिंड्रोम'ची आपापली व्याख्या केली. एकीने इन्सुलिन-विरोध अटळ मानला, दुसरीने कमरेचा घेर. तोच माणूस एका व्याख्येने रोगी, दुसरीने निरोगी! अखेर २००९ मध्ये अनेक संस्थांनी मिळून ठरवले, की पाचांपैकी कोणत्याही तीन गोष्टी पुरेत. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, स्त्रियांची ८० किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त. चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी. रक्तदाब वरचा १३० किंवा खालचा ८५ पासून पुढे. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. गोळ्या चालू असल्या, तरी ती गोष्ट मोजायची.

आपल्यासाठी कंबरेची मर्यादा कमी का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

या नावाने नवे काय कळते, उपचार तर एकेका दोषावरच करायचे, असा आक्षेप मधुमेहतज्ज्ञांनीच २००५ मध्ये घेतला. तो खोटा नाही. पण नावामुळे डॉक्टर शेजारचा आकडाही विचारतात, हे मला मोलाचे वाटते.

आपल्या गृहस्थांची कंबर कोणी मोजलीच नव्हती. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप धरली. ९४ भरली. म्हणजे तीन झाल्या.