नदीची वही



मासेमारी म्हटली की कोकण आठवते. पण आपल्या भीमेकाठीही भोई समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकली. पहिल्या पुरात अंड्यांवरचे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्या चढणीत एक मादी मारली की हजारो पिल्ले गेली, हे शहाणपण जाळ्याइतकेच मोलाचे.

१९८० साली खाली उजनी धरण पुरे झाले. जलाशयात मूळची आफ्रिकेतली चिलापी माजली. वरून मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी भीमेत येते. मरळ, वांब, शिंगाडा ही नावे आता मुलांच्या तोंडी नाहीत.

म्हणून विनंती एवढीच. भोईवाड्यातल्या आजींपाशी बसावे. माशांची नावे, डोह, हंगाम वहीत उतरवावे. नावच ठाऊक नसलेला मासा नाहीसा झाला, तर त्याची चौकशी कोण करणार?