संशयित डिस्कची चौकशी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी मजुरांच्या चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटले, त्यावर मी वर्षभर बोलतच असतो. यंदा मी एका बिघडलेल्या यंत्राविषयी बोलेन. चालकांच्या चेहऱ्यावर थोडी काळजी दिसली, आणि ती रास्त होती. मी इंजिनिअर नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण सभांत, कोर्टाच्या वऱ्हांड्यात आणि उसन्या पुस्तकांत झाले. पण हे यंत्र आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे किंवा उद्या येणार आहे, आणि ते बिघडते तेव्हा शहाणी माणसे कोणती चूक करतात हे मला ठाऊक आहे. कारण ती चूक करण्याच्या मी अगदी बेतात होतो.

मी मोहर्लीचा. ताडोब्याच्या दारावरचे हे गाव आपण वाघ पाहायला जाताना गाडीच्या काचेतून पाहिले असेल. त्या गावात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत आमच्या युनियनचे दप्तर आहे. जंगलात रोजंदारीवर राबलेल्या माणसांची हजेरी कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, मस्टरच्या नकला, फोटो, सभांची इतिवृत्ते, असे ते दप्तर. तीस वर्षांचे कागद, आणि त्यांच्यावर वाळवी, ओल आणि उंदीर यांचा डोळा.

या कागदांची किंमत काय, ते थोडक्यात सांगतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात 240 दिवस काम केलेल्या मजुराला काही संरक्षण दिले. 1995 साली पुण्याच्या बाजूच्या वनमजुरांच्या प्रकरणात, वनखात्याचे ते काम ‘उद्योग’ या व्याख्येत बसते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आम्हांला आनंद झाला. मग 2002 साली, कर्नाटकातील एका वनक्षेत्रपालाच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने म्हटले की 240 दिवस भरले हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर आहे. 2005 साली न्यायालयाने हा भार कसा उचलता येतो तेही सांगितले: मजुराने स्वतः साक्ष द्यावी, पगाराच्या चिठ्ठ्या दाखवाव्या, मालकाकडून मस्टर मागवावे. म्हणजे फिरून गोष्ट कागदावरच आली. मुंबईच्या गिरणी कामगारांना विचारा. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गिरण्या बसल्या, आणि पुढे घरांचा प्रश्न निघाला तेव्हा ‘तुम्ही गिरणीत होता याचा पुरावा आणा’ असे त्यांना सांगण्यात आले.

म्हणून आम्ही सगळे दप्तर स्कॅन करून घरातल्या एका छोट्या सर्व्हरवर ठेवले. डब्याएवढे यंत्र, आत दोन हार्ड डिस्क, आणि दोन्हींवर तोच मजकूर. एक गेली तरी दुसरी आहे, असा आमचा हिशेब होता.

हार्ड डिस्क म्हणजे काय? आत चकचकीत तबकड्या फिरत असतात. माझ्या डिस्कमध्ये मिनिटाला 5400 म्हणजे सेकंदाला 90 फेरे. त्यांच्यावरून एक बारीक टोक तरंगत जाते आणि चुंबकीय खुणा वाचते. टोक आणि तबकडी यांच्यातील अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. ताडोब्याला 1955 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1956 साली, आयबीएम कंपनीने या जातीचे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात चोवीस इंच रुंदीच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनावर होते, आणि मावत होती सुमारे पन्नास लाख अक्षरे. आज एवढी अक्षरे मोबाईलच्या दोन-चार फोटोंत संपतात. यंत्र लहान झाले, पण तत्त्व तेच राहिले: फिरणारी वस्तू आहे, झिजणार आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गेल्या वर्षी मे महिन्यात, चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते आपणांस सांगायला नको, फायली उघडायला वेळ लागू लागला. डब्यातून मधून मधून टिक्‌ टिक्‌ असा आवाज येई. पडद्यावर पाहिले तर यंत्राने सरळ लिहिले होते की दोन नंबरची डिस्क बाद झाली आहे. आणि ती आज नव्हे, अकरा दिवसांपूर्वी! सूचना पाठवण्याची सोय यंत्रात होती; ती पत्रे युनियनच्या एका जुन्या ई-मेल पत्त्यावर जात होती, आणि तो पत्ता दोन वर्षांत कोणी उघडला नव्हता. हा दोष यंत्राचा नव्हे, माझा.

शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “भाऊ, दोन नंबर काढून फेका, नवी डिस्क टाका. एक नंबरवरून मजकूर आपोआप उतरेल.” दुसऱ्या एका स्नेह्याने डिस्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला दिला. तो मात्र कोणी ऐकू नये. बाहेर काढल्यावर आत दव धरते, आणि उरलीसुरली आशा संपते. डिस्क घरी उघडून पाहण्याचेही तसेच. ज्या फटीची मी आत्ता गोष्ट सांगितली, तिच्यापुढे धुळीचा कण म्हणजे धोंडाच.

दुरुस्तीवाल्याचे म्हणणे मला पटले होते. नवी डिस्क आणायला मी निघालोही होतो. माझी पुतणी नागपूरला शिकते. तिला सहज फोन केला. ती म्हणाली, “काका, काही काढू नका, काही घालू नका. आधी नक्कल. बाहेरची एक डिस्क जोडा आणि सगळे तिच्यावर उतरवून घ्या. आणि तोवर या यंत्रावर नवीन काही लिहू नका.”

पहा, आमच्या कामातही हाच नियम आहे. आरोपपत्र मिळालेला कामगार माझ्याकडे येतो तेव्हा मी आधी त्याच्याकडचे कागद सुरक्षित करतो, चौकशी मागाहून. पण यंत्रापुढे बसलो आणि मी ते विसरलो. पडद्यावरचा ठपका म्हणजे निकाल, असे धरून चाललो.

नक्कल सुरू केली. पहिले दोन तास सुरळीत गेले. मग ती अडली. एका फायलीवर यंत्र थांबले, टिकटिक वाढली, आणि ‘वाचता येत नाही’ असा शेरा आला. आता विचार करा: दोन नंबरची डिस्क तर अकरा दिवसांपासून बाजूला होती. मी वाचत होतो ती एक नंबर, जी निर्दोष मानली होती ती. आवाजही तिचाच होता. एकाच डब्यात दोघी असल्यामुळे कान फसले होते.

तेव्हा कुठे खरी चौकशी सुरू झाली. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची एक नोंदवही ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. फुकट मिळणाऱ्या एका साध्या प्रोग्रॅमने ती वाचता येते. आकडे पुष्कळ असतात, पाहायचे थोडेच. पाचव्या क्रमांकाचा आकडा बदललेल्या जागांचा. गिरणीत कायम कामगार आला नाही की बदली कामगार उभा करतात, तसे डिस्क काही राखीव जागा बाळगून असते; एखादी जागा खराब झाली की तिचे काम राखीव जागेला देते. 197 क्रमांकाचा आकडा संशयित जागांचा: वाचता येत नाहीत, पण अजून बदलीही दिलेली नाही. 199 क्रमांकाचा आकडा वेगळा आहे. मजकूर डिस्कमधून यंत्राकडे जाताना वाटेत किती वेळा बिघडला, हे तो सांगतो. तो वाढला तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा किंवा जोडणीचा असतो.

आमच्या दोन नंबरच्या, म्हणजे बाद ठरवलेल्या डिस्कमध्ये पाचवा आणि 197, दोन्ही आकडे शून्य. 199 मात्र 1846. आणि एक नंबर, जिच्या भरवशावर आम्ही निजत होतो, तिच्यात 197 चा आकडा 56! डिस्कची लांब चाचणी असते, ती सगळी तबकडी आरंभापासून शेवटपर्यंत वाचते. आमच्या डिस्कला तिला सुमारे नऊ तास लागतात. एक नंबर त्या चाचणीत अर्ध्यावरही पोचली नाही.

दुरुस्तीवाल्याचा सल्ला मानला असता तर काय झाले असते? नवी डिस्क भरण्यासाठी यंत्राने एक नंबर पहिल्यापासून अखेरपर्यंत वाचायला घेतली असती, म्हणजे आजारी डिस्कवर सगळ्यांत जड काम टाकले असते. आणि निरोगी डिस्क तोवर भंगारात गेली असती. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. पडद्याने जे सांगितले तेच त्याने सांगितले.

दोन नंबरचे प्रकरण नव्या केबलने मिटले. हा आकडा कधी शून्यावर परत येत नाही, हे लक्षात ठेवा. जुना आकडा पाहून घाबरू नये, तो पुढे वाढतो का ते पाहावे. तिचा सगळा मजकूर वाचून काढला, लांब चाचणी घेतली, तीन आठवडे थांबलो. आकडा 1846 वरच राहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मी यातच शिकलो. केबल, वीजजोडणी आणि डिस्क एकदम बदलली तर दोष गेला तरी तो कोणाचा होता हे कळत नाही. आणि डिस्क बाहेर काढण्यापूर्वी तिच्यावरच्या चिठ्ठीचा अनुक्रमांक पडद्यावरच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहावा. डब्यातली वरची म्हणजे एक नंबर असे नसते. आमच्याकडे नेमकी उलटी होती.

माझा पहिला संशय उन्हावर होता, तेही सांगितले पाहिजे. 2007 साली गूगल कंपनीच्या तिघा संशोधकांनी लाखावर डिस्कांची पाहणी प्रसिद्ध केली. लोक समजत होते तेवढे घट्ट नाते उष्णता आणि बिघाड यांत त्यांना आढळले नाही. अर्थात त्या डिस्का मोठाल्या थंड दालनांतल्या. मोहर्लीच्या पत्र्याखाली त्यांनी पाहणी केली नव्हती. पण त्याच पाहणीतले आणखी दोन निष्कर्ष मला फार मोलाचे वाटतात. तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या 39 पट होता. आणि जितक्या डिस्का बंद पडल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक डिस्कांच्या नोंदवहीत चार मुख्य लक्षणांपैकी एकही नव्हते. म्हणजे आकडा वाईट असेल तर विश्वास ठेवा. चांगला असेल तर निश्चिंत होऊ नका. डॉक्टरांच्या दाखल्याचेही असेच असते म्हणतात.

आणि दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवणे, ज्याला रेड म्हणतात, त्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे नाव 1988 साली बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या निबंधाने रूढ केले. एक डिस्क पडली तरी काम चालू राहावे, एवढ्यासाठी ती योजना आहे. चुकून पुसलेली फाईल ती दोन्हीकडून इमानाने पुसते. घरात चोर आला किंवा वीज कडाडली तर दोन्ही एकदमच जातात. दप्तराची नक्कल म्हणजे दुसरी पेटी, दुसऱ्या घरात.

आता हिशेब सांगतो. एक नंबरवरच्या साठ हजारांवर पानांपैकी सात फायली वाचता आल्या नाहीत. त्यांतल्या सहा जुन्या होत्या. त्या दोन नंबरवरून जशाच्या तशा मिळाल्या. दोन नंबर आम्ही केवळ वाचण्यापुरती जोडली होती, तिच्यावर अक्षरही लिहू दिले नाही. सातवी फाईल त्या अकरा दिवसांतली, म्हणून ती दोन नंबरवर नव्हतीच. एका म्हाताऱ्या मजूरबाईच्या हजेरी कार्डाची ती पाने होती. रोपवाटिकेत तिने एकोणीस वर्षे काढली, आणि तिच्या बाजूने बोलणारा कागद तेवढा एकच. स्कॅन झाल्यावर मूळ कार्ड मी तिला परत दिले होते.

मी तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, “कार्ड पोराकडे आहे जी, बल्लारपूरला. ऊन फार झालं म्हणून तो मला नेणार होता, पेटी आधी नेली.” मुलाला फोन केला, तर पेटी माळ्यावर आणि तो पाळीवर. चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मी तिला यंत्राची गोष्ट सांगितली नाही. सांगायला पाहिजे होती. पाचव्या दिवशी मुलगा कार्ड घेऊन मोहर्लीला आला. दोन पानांवरची शाई पुसट झाली होती, पण मुकादमाच्या सह्या आणि तारखा वाचता येत होत्या. कोर्टात त्या दोन पानांचे काय होते ते अजून ठरायचे आहे. तारीख पावसाळ्यानंतरची आहे.

एक नंबरची डिस्क त्या आठवड्यातच सेवेतून काढली. जुनी केबलही तोडून टाकली, कारण असली केबल कोणीतरी पुन्हा खणात ठेवतो आणि कोणीतरी पुन्हा लावतो. सूचनांची पत्रे आता माझ्या आणि पुतणीच्या, अशा दोन्ही फोनवर येतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लांब चाचणी लागते, आणि बाहेरची नक्कल नागपूरला जाते. बाईच्या कार्डाची मात्र आणखी एक प्रत आम्ही कागदावर छापली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, आणि तिच्याच हातात दिली. तिने ती तांदळाच्या डब्यामागे ठेवली.