दोन समुद्रांकडे वाहणारा जिल्हा



जिल्ह्याच्या भूगोलाचा पहिला पाठ गावच्या ओढ्याकाठी द्यावा. नकाशा मागाहून उघडावा.

बुलढाणा जिल्ह्यातून अजिंठ्याची डोंगररांग पूर्व-पश्चिम गेली आहे. तिच्या माथ्यावरील प्रदेश तो बालाघाट, उत्तरेचा सखल प्रदेश तो पायनघाट. लोकभाषेत हेच ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’. घाटाखालचे पाणी पूर्णेतून तापीस व पुढे अरबी समुद्रास मिळते. घाटावरील पैनगंगा मात्र मेहकरावरून पूर्वेस वळते. तिचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरास पोहोचते. लोणारचे पाणी कोठेच जात नाही. उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात ते खारे होऊन राहिले आहे.

इतिहासाच्या खुणाही दोन्ही भागांत निरनिराळ्या आहेत. घाटावर सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवरावांच्या घरी १५९८ मध्ये जिजाबाईंचा जन्म झाला. घाटाखाली काळ्या जमिनीत कापूस पिकला, खामगावची बाजारपेठ वाढली आणि १८७० मध्ये जलंबहून तेथवर लोहमार्गाचा फाटा आला.

पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातील मूल ‘आमच्या विहिरीचे पाणी खारे का?’ हा प्रश्न घरूनच घेऊन येते. त्यास नुसती नद्यांची नावे पाठ करावयास लावणे म्हणजे त्या प्रश्नाकडे पाठ फिरविणे होय. म्हणून पहिल्या पावसानंतर वर्गास ओढ्याकाठी न्यावे आणि एवढेच विचारावे : हे पाणी कोणत्या समुद्रास जाईल? उत्तर मुलांनीच नकाशावर बोट फिरवून शोधावे.